कुठं दुखतंय, हे कुणाला कळतं?

जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वसा आणि अमिर्झा ही ती गावं, आणि डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, एकेका स्त्रीला सरासरी ३.६ आजार होते, आणि याआधी कधीही स्त्रीरोगतपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तोपर्यंत गरीब देशांतल्या ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असं जगभरच्या आरोग्यधोरणांत धरलं जात होतं. हा निबंध आल्यावर ती समजूत मोडली. पण मला त्या आकड्यांच्या मागचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. हे आजार १९८९ मध्ये सुरू झालेले नव्हते. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात कळ, पाळीच्या वेळचं दुखणं हे सगळं त्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या होतं. दवाखाने होते, डॉक्टर होते, वैद्यकशास्त्राची पुस्तकंही होती. ज्या व्यक्तीसमोर बसून बाईला हे बोलता येईल, आणि जिला हे विचारावंसं वाटेल, अशी व्यक्ती तपासणीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नव्हती. वैद्यकीय शिक्षणात कोण येतं हा प्रश्न आपण प्रवेशाच्या न्यायाचा प्रश्न म्हणून वर्षानुवर्षं मांडत आलो. तो रोगनिदानाचाही प्रश्न आहे, आणि माझ्या मते आधी तोच आहे.

ही कल्पना मराठी समाजाला नवी नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी मांडलेलं मुख्य कारण हेच होतं: हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, कारण असंख्य स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे आपलं दुखणं उघड करत नाहीत. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. १८९४ मध्ये रखमाबाई लंडनमध्ये शिकून डॉक्टर झाल्या आणि परतून सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्य घातलं. आनंदीबाईंचा युक्तिवाद आपण आज इतका पचवला आहे की तो युक्तिवाद होता हेसुद्धा विसरलो आहोत. राज्यातल्या वैद्यकीय प्रवेशांत मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यावर कुणी रस्त्यावर उतरत नाही. 'नीट'ला बसणाऱ्यांत आता मुली निम्म्याहून अधिक असतात. डॉक्टरची ओळख आणि रुग्णाचं बोलणं यांचा संबंध असतो, हे तत्त्व स्त्रियांच्या बाबतीत आपण मान्य केलं आहे. मग तेच तत्त्व जातीला, जमातीला, बोलीला, गावाला लावायची वेळ आली की गुणवत्तेचा प्रश्न कसा उभा राहतो? हे सगळं प्रकरण मुळात या एका विसंगतीचं आहे.

तत्त्व नुसतं पटण्यासारखं आहे म्हणून ते खरं ठरत नाही, त्याला पुरावा लागतो. अमेरिकेतल्या ओकलंड शहरात मार्सेला अल्सान, ओवेन गॅरिक आणि ग्रँट ग्राझियानी यांनी केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय पुरुषांना मोफत प्रतिबंधक तपासण्यांसाठी बोलावलं होतं. कुणाला कृष्णवर्णीय डॉक्टर मिळेल आणि कुणाला दुसरा, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. आधी त्यांना डॉक्टरचा फक्त फोटो दाखवून कोणत्या तपासण्या करायच्या ते विचारलं, तेव्हा दोन्ही गटांच्या उत्तरांत फरक नव्हता. मग डॉक्टर प्रत्यक्ष भेटले, बोलले, आणि पुन्हा तेच विचारलं गेलं. या वेळी फरक पडला. ज्यांना आपल्या समाजातला डॉक्टर मिळाला होता, त्यांनी अधिक तपासण्या मान्य केल्या. रक्त काढावं लागणाऱ्या, म्हणजे मधुमेह-कोलेस्टेरॉलच्या तपासण्यांत हा फरक ठळक होता. संशोधकांच्या हिशेबाने हा परिणाम टिकला, तर कृष्णवर्णीय आणि गोऱ्या पुरुषांच्या हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंतली दरी १९ टक्क्यांनी कमी होऊ शकते. फोटोने फरक पडला नाही, संभाषणाने पडला, हा या प्रयोगाचा सगळ्यात मोलाचा धडा आहे. कातडीचा रंग पाहून रुग्ण भुलत नाही. बोलण्यातून विश्वास बसतो की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून राहतं.

आता हे संभाषण मराठी वॉर्डात आणून पाहा. 'जीव घाबरा होतो' म्हणजे छातीतली धडधड, दम लागणं, घाम फुटणं की चिंता? 'अंगावरून जातं' म्हणजे पांढरं की लाल, आणि किती दिवसांपासून? 'पोटात गोळा येतो', 'छातीत चमक मारते', 'हातापायांत गोळे येतात' या प्रत्येक वाक्यात निदानाची अर्धी वाट दडलेली असते. पण ती सापडायला बोलणाऱ्याचं घर थोडंफार ठाऊक असावं लागतं. आणि ही झाली मराठी. मेळघाटातली बाई कोरकू बोलते, भामरागडची माडिया, धडगाव-अक्कलकुव्याची पावरी किंवा भिली. सिकलसेलचा रुग्ण ज्या भागांत मोठ्या संख्येने आहे, ते विदर्भ आणि नंदुरबारचे पट्टे हेच आहेत. सिकलसेलच्या झटक्यातली हाडं फोडणारी वेदना बाहेरून दिसत नाही, सांगितल्याशिवाय कळत नाही. ती सांगायची भाषा आणि ऐकायची भाषा वेगळी असली की मध्ये नातेवाईक, आशाताई नाहीतर वॉर्डातली मावशी दुभाषा होते, आणि प्रत्येक दुभाष्याच्या हातून थोडं सांडतं. गडचिरोलीत डॉ. बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने आदिवासींना विचारून दवाखाना बांधला, त्याला झोपड्यांच्या वस्तीचं रूप दिलं आणि त्यांच्याच दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. उंच पांढऱ्या इमारतीची भीती हासुद्धा उपचाराच्या आड येणारा अडथळा आहे, हे तिथे कुणीतरी आधी ऐकून घेतलं होतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की भाषा शिकता येते, आपुलकीही शिकता येते. हेमलकशाला १९७३ मध्ये गेलेले डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया शिकलेच की. हे खरं आहे, आणि त्याबद्दल महाराष्ट्राने कायम कृतज्ञ असावं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच स्थानिक भाषेची ओळख आहे, संवादकौशल्याचा स्वतंत्र भाग आहे, आणि विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांचा पाठपुरावा करायचा उपक्रमही आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत तर १९६९ मध्ये ती सुरू झाल्यापासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गावात राहायला नेण्याची रीत आहे. हे सगळं हवंच आहे. पण आयुष्य वाहून घेणाऱ्या मोजक्या माणसांच्या बळावर राज्याची आरोग्यव्यवस्था उभी करता येत नाही. जी गोष्ट एखाद्याला आयुष्य खर्चून शिकावी लागते, ती घेऊनच एखादी मुलगी वर्गात येत असेल, तर तिला दारातच थांबवण्यात काय शहाणपण आहे? शिवाय ती वर्गात असली की बाकीचेही शिकतात. अमेरिकेतल्या ११८ वैद्यकीय महाविद्यालयांतल्या वीस हजारांवर विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास २००८ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ज्या महाविद्यालयांत विद्यार्थी अधिक वेगवेगळ्या समाजांतले होते, तिथल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना अल्पसंख्याक रुग्णांवर उपचार करण्याची आपली तयारी अधिक आहे असं वाटत होतं. राऊंडला 'ही बाई असं म्हणते, पण तिला म्हणायचंय तसं' हे सांगणारी सहाध्यायी कोणत्याही संवादकौशल्याच्या तासिकेपेक्षा जास्त शिकवून जाते.

दुसरा आक्षेप जुना आणि सर्वांत जोरकस: डॉक्टरच्या हातात जीव असतो, तिथे गुणांशी तडजोड नको. हा आक्षेप मनापासून घेणाऱ्या माणसाची काळजी खोटी नसते, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. प्रवेशपरीक्षेचे गुण बारावीपर्यंतची तयारी मोजतात, पाच वर्षांनंतरचा डॉक्टर मोजत नाहीत. एमबीबीएसच्या विद्यापीठ परीक्षेत उत्तीर्ण व्हायचे गुण सगळ्यांना सारखेच असतात. तिथे प्रवर्ग नसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा राखून ठेवण्याची पद्धत १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली होती. त्याच महाविद्यालयात वीस वर्षांत विशेष विचार करून घेतलेल्या विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं, याचा अभ्यास १९९७ मध्ये 'जामा'त प्रसिद्ध झाला. प्रवेशाच्या वेळी त्यांचे गुण कमी होते. पण पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण त्यांचं ९४ टक्के आणि इतरांचं ९८ टक्के निघालं, आणि पुढे रेसिडेन्सीतल्या कामाच्या मूल्यमापनात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. आपल्याकडे तमिळनाडूत आरक्षण ६९ टक्के आहे, आणि २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत तिथला बालमृत्युदर हजारी १३ होता, देशाचा २८. आरक्षणामुळे बालमृत्यू घटले असं मी म्हणणार नाही. त्यामागे दाया, रस्ते, प्राथमिक आरोग्य केंद्रं, औषधखरेदी अशी पुष्कळ कारणं आहेत. पण आरक्षणाने आरोग्यसेवा बुडते, हा दावा या आकड्यांसमोर टिकत नाही.

आणि गुणवत्तेचा आग्रह सगळीकडे सारखा धरला जातो का? सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी 'नीट-पीजी'ची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. म्हणजे परीक्षेला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण समुपदेशनाला पात्र झाला. जागा रिकाम्या राहू नयेत हे कारण होतं. खासगी महाविद्यालयांच्या व्यवस्थापन कोट्यात आणि अनिवासी भारतीयांच्या जागांवर वर्षाकाठी काही लाखांची फी भरू शकणारा विद्यार्थी सरकारी महाविद्यालयाच्या राखीव जागेपेक्षाही खालच्या गुणांवर डॉक्टर होऊ शकतो. तिथे रुग्णाचा जीव धोक्यात येतो अशी ओरड फारशी ऐकू येत नाही. पैशाने आलेल्या कमी गुणांना आपण परिस्थिती म्हणतो आणि आरक्षणाने आलेल्या कमी गुणांना तडजोड म्हणतो. २० जानेवारी २०२२ रोजी अखिल भारतीय कोट्यातलं ओबीसी आरक्षण वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. बोपन्ना यांच्या पीठाने स्पष्ट केलं, की स्पर्धापरीक्षेतली कामगिरी म्हणजेच गुणवत्ता असं मानता येणार नाही. ती सामाजिक संदर्भात पाहावी लागते. वैद्यकशास्त्राच्या बाजूनेही हे बरोबर आहे. ज्या गुणांनी रुग्ण बोलता होतो, ते गुण 'नीट'च्या १८० प्रश्नांत कुठे मोजले जातात?

त्या परीक्षेने काय बदललं, याचा नीट हिशेब तमिळनाडूने मांडला. न्या. ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये दाखवलं की 'नीट'पूर्वी तमिळ माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांचा वैद्यकीय प्रवेशातला वाटा १५ टक्क्यांच्या आसपास होता, तो दोन-तीन टक्क्यांवर घसरला. २०१६-१७ मध्ये प्रवेश मिळवणाऱ्यांत दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाचे विद्यार्थी आठात एक होते. २०२०-२१ मध्ये दहात सात झाले. याचा सरळ अर्थ असा की ज्याच्या घरात मुलाला बारावीनंतर एक-दोन वर्षं नुसतं बसवून क्लासची फी भरण्याची ताकद आहे, त्याच्यासाठी दार उघडं राहिलं. आपल्या लातूर-नांदेडच्या शिकवण्यांभोवती, खोल्या आणि मेस यांच्याभोवती उभी राहिलेली अर्थव्यवस्था याच कारणाने फुगली आहे. 'नीट' मराठीतूनही देता येते, पण देशभरातल्या वीस-बावीस लाखांत मराठीतून देणारे काही हजारांपलीकडे जात नाहीत. तमिळनाडूने तक्रारीवर न थांबता २०२० मध्ये कायदा केला: सरकारी शाळांत शिकलेल्यांना वैद्यकीय जागांत ७.५ टक्के प्राधान्य. 'नीट' उत्तीर्ण व्हायची अट कायम ठेवली. पहिल्याच वर्षी दंतवैद्यक धरून सुमारे चारशे मुलं आत आली, आणि एप्रिल २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. जिल्हा परिषदेच्या शाळांचं एवढं मोठं जाळं असलेल्या महाराष्ट्राने हे अजून का केलेलं नाही, याचं पटणारं उत्तर मला सापडत नाही.

आपण उलट दिशेने गेलो. राज्यात १९८५ पासून ७०:३० चं सूत्र होतं: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या प्रत्येक विभागातल्या ७० टक्के जागा त्या विभागाच्या विद्यार्थ्यांना, ३० टक्के राज्यभरातल्यांना. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. मराठवाड्याची तक्रार रास्त होती. तिथे महाविद्यालयं कमी, त्यामुळे चांगले गुण असूनही तिथली मुलं मागे पडत. पण त्या सूत्राचा दोष विभाग फार मोठे धरण्यात होता. नागपूर आणि एटापल्ली एकाच विभागात मोजले, तर फायदा नागपूरलाच होणार. त्यावर उपाय म्हणून एकक लहान करायला हवं होतं, जिल्हा किंवा तालुक्यापर्यंत. आपण सूत्रच काढून टाकलं.

जपानने हा प्रश्न १९७२ मध्येच सोडवायला घेतला. जिची वैद्यकीय विद्यापीठात देशाच्या ४७ प्रांतांतून दरवर्षी प्रत्येकी दोन-तीन विद्यार्थी निवडले जातात, फीचा भार प्रांत उचलतो, आणि पदवीनंतर नऊ वर्षं आपल्या प्रांतात नेमून दिलेल्या जागी काम करायचं असतं. बंधनाची मुदत संपल्यावरही त्यांतले बहुसंख्य तिथेच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० आणि २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही दुर्गम भागांसाठी ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी घ्या, ही शिफारस आहे. आपल्याकडे वर्षभराचा बाँड आहे आणि तो मोडल्यास दहा लाखांचा दंड. शहरात वाढलेल्या, गावाशी संबंध नसलेल्या मुलाला एका वर्षासाठी भामरागडला धाडलं, तर तो दिवस मोजतो. त्यात त्याचाही दोष नाही.

इथे मात्र मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. आदिवासी डॉक्टर आदिवासींसाठी, दलित डॉक्टर वस्तीसाठी, अशी वाटणी या युक्तिवादातून कुणी काढली तर ती नवी जातवार विभागणी होईल. पावरा समाजातल्या मुलीला मेंदूची शस्त्रक्रिया शिकायची असेल आणि मुंबईत राहायचं असेल, तर तिच्यावर गावाचं ऋण लादण्याचा अधिकार कुणालाही नाही. कोथरूडच्या मुलावर ते आपण लादत नाही. करार स्वेच्छेचा हवा आणि बदल्यात फी, शिष्यवृत्ती, पदव्युत्तर शिक्षणात प्राधान्य असं काही ठोस मिळायला हवं. एक माणूस एका समाजाचा प्रतिनिधी असतो, हे ओझं फार लवकर अन्याय बनतं.

आणि तो अन्याय दाराच्या आत सुरू होतो. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'मधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी अहवाल दिला. शिक्षकांचा आधार न मिळणं, तोंडी परीक्षेत जात चाचपली जाणं, वसतिगृहात वेगळं पडत जाणं हे त्यात नोंदलं आहे. मे २०१९ मध्ये मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. जातीवरून छळ झाल्याच्या आरोपाचा तो खटला न्यायालयात आहे आणि त्यावर निकाल न्यायालयच देईल. पण ज्या रचनेत असे आरोप पुन्हा पुन्हा होतात, तिच्याविषयी बोलायला निकालाची वाट पाहायची गरज नाही. नव्या बॅचमध्ये 'तुझी रँक किती?' हा प्रश्न विचारला जातो तेव्हा उत्तरातून जात कळते, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. रेसिडेन्सीत पहिल्या वर्षाचा हाउसमन दुसऱ्या वर्षाच्या हाती, तो रजिस्ट्रारच्या हाती, आणि सगळे युनिट हेडच्या हाती असतात. ड्यूट्या कुणाला, ओटीत शिकायची संधी कुणाला, सॅम्पल पोचवणं आणि कागद भरणं कुणाला, प्रबंधावर सही कधी, हे सगळं वरच्या माणसाच्या मर्जीवर. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लिहिली आहे. ती कागदावरच आहे. झोप नसलेल्या, तक्रार करायला सुरक्षित जागा नसलेल्या माणसांच्या उतरंडीत समाजातली उतरंड आपोआप झिरपते. विद्यार्थिनींच्या वाट्याला यात रात्रपाळीची असुरक्षितता आणि धड ड्यूटीरूम नसणं हेही येतं.

यातून रुग्णाचंही नुकसान होतं. आडनाव दडवायला शिकलेला विद्यार्थी हळूहळू बोलीही दडवतो. केस मांडताना त्याला इंग्रजीत साचेबंद वाक्यं म्हणावी लागतात, घरचा उच्चार आला तर हसू उमटतं. साडेपाच वर्षांत तो आपली बोली विसरल्यासारखा वागायला लागतो, आणि ज्या संपत्तीसाठी त्याला आत घेणं रुग्णाच्या हिताचं होतं, तीच आपण काढून घेतलेली असते. अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीतही दार आणि दाराच्या आतली वागणूक हे दोन्ही प्रश्न असेच आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाचादोष असलेल्या, महाराष्ट्रात प्रवेश मागणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या खटल्यात सांगितलं, की अपंगत्वाची टक्केवारी एवढ्याच आधारावर एमबीबीएस नाकारता येणार नाही; तो शिक्षण पूर्ण करू शकतो का हे तज्ज्ञांनी तपासावं. पुढचं काम महाविद्यालयांचं आहे: रॅम्प, लिफ्ट, परीक्षेतल्या सोयी, आणि सवलत मागितल्यावर कपाळाला आठी न पडणं.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा, भंडारा, जालना ही नावं त्यात आहेत. एकूण ९०० जागा. ज्या जिल्ह्यांतून उपचारांसाठी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागे, तिथे महाविद्यालय होणं ही मोठी गोष्ट आहे. पण ७०:३० गेल्यामुळे या जागा राज्याच्या गुणवत्तायादीतून भरतात. गडचिरोलीच्या महाविद्यालयात गडचिरोलीच्या जिल्हा परिषद शाळेतली किंवा आश्रमशाळेतली दहा मुलं दरवर्षी असतील, अशी तरतूद करायला नवी इमारत लागत नाही, एक शासन निर्णय आणि न्यायालयात टिकेल असा कायदा लागतो. २०२४ ची ती पहिली बॅच २०२९ च्या सुमारास इंटर्नशिपला वॉर्डात उतरेल. एटापल्ली-भामरागडकडून रात्री आलेल्या रुग्णाला पहिल्यांदा विचारणार ते हेच विद्यार्थी. त्यांच्या प्रवेशयादीत गुणानुक्रम, प्रवर्ग, लिंग आणि कोटा यांचे रकाने आहेत. घरी कोणती भाषा बोलता, हा रकाना त्यात नाही.